मनमाडला न उतरलेला माणूस

भाच्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात बसून मोबाइलवर एक मल्याळी पिक्चर बघत होतो. मंठ्याच्या बसस्टँडपासून जवळच माझं मेडिकल आहे. सकाळी शटर वर गेलं की संध्याकाळपर्यंत मी काउंटरच्या आत, आणि मोबाइल खोकल्याच्या बाटल्यांना टेकवून उभा. त्या पिक्चरमध्ये दोन सख्खे भाऊ सामाईक भिंतीवरून भांडत होते. थोरला भिंत पाडायला निघाला, त्यानं पहार उचलली, आणि नेमकी तेव्हाच एक बाई पोराचं औषध मागायला आली. तिला बाटली दिली, कधी किती द्यायचं ते दोनदा समजावलं आणि वळून बघतो तर पडद्यावर पहारीऐवजी भाच्याचं नाव.

"मामा, पिच्चर लागून राह्यला जालन्याला," तो म्हणाला. "शुक्रवारी. दुपारचा शो भेटला."

हा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण कुंभार पिंपळगावला दिली आहे, तिकडं त्यांची शेती. पोरगा शिकायला म्हणून पुण्याला गेला आणि मालिकांच्या सेटवर राबत राबत सिनेमात शिरला. मागच्या हिवाळ्यात त्यानं गावातच, बहिणीच्या घरात आणि गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत आपला पहिला पिक्चर शूट केला. मी शूटिंग बघायला जाणार होतो, पण त्यानंच अडवलं. "तुम्ही नका येऊ मामा. तुम्ही बघून राह्यले म्हटलं की माझे हात कापतेत." मला तेव्हा त्यात मानच वाटला होता.

"येतो ना," मी म्हणालो. "सगळेच येतो."

"पन एक सांगायचं होतं मामा."

"बोल."

मग म्हणाला, "न्हाई, राहू द्या. बघितल्यावरच बोलू." आणि फोन ठेवला.

अर्धवट राहिलेलं मला सोसत नाही. कुणी बोलता बोलता थांबलं की मला दिवसभर खाज सुटल्यासारखं होतं. भिंतीचा पिक्चर मी तसाच पुढं बघितला, पण भावांचं भांडण कुठं आणि माझं लक्ष कुठं. खरं तर फार चांगला पिक्चर होता. शेवटी भिंत पडत नाही. थोरला दमतो आणि त्याच भिंतीच्या सावलीत बसतो, आणि पलीकडच्या बाजूला धाकटाही तिला पाठ टेकून बसलेला असतो. दोघांनाही ते माहीत नसतं, फक्त आपल्याला दिसतं. पार्श्वसंगीत नाही, काही नाही, लांबून एक कोंबडा ओरडतो. अशा जागी संगीत न घालायला हिंमत लागते. इतर वेळी मी त्या कोंबड्याबद्दल येणाऱ्याजाणाऱ्याला आठवडाभर सांगितलं असतं. ह्या वेळी कुणालाच सांगितलं नाही.

दुकानाच्या सुट्टीला समोरच्या कापडवाल्या शेठना घेऊन जालन्याला गेलो. शेठचे आजोबा राजस्थानातून आले, हे स्वतः मंठ्यातच जन्मले. मिसरूड फुटल्यापासून आम्ही पिक्चरला जोडीनं जातो. ते मला डॉक्टर म्हणतात, मी त्यांना शेठ. त्यांची पिक्चरची परीक्षा एकच: झोप लागली की नाही.

मोठा हिंदी पिक्चर होता, सगळीकडं ज्याचे बोर्ड लागले होते तो. मला विचाराल तर त्यात एकही माणूस नव्हता. नायक माणसं मारत होता हे खरं, पण मरणारेही माणसं वाटत नव्हते. एवढ्या लांबीच्या पिक्चरमध्ये कुणी जेवलं नाही, कुणी पाणी प्यालं नाही, कुणी चप्पल शोधली नाही. आणि ढोल असे की छातीच्या फासळ्या हलाव्यात. पडद्यावर काही घडायच्या आधीच ढोल सांगणार, आता घाबरा, आता रडा. मला कुणी असं हुकूम देऊन रडायला लावलं की मी रडत नाही. मी पाय हलवायला लागतो. तसे माझे पाय थिएटरात नेहमीच हलतात. बायको बरोबर असली की गुडघ्यावर हात ठेवून दाबून धरते. शेठ तसलं काही करत नाहीत. इंटरव्हलला मी उठलो तो आत गेलोच नाही. बाहेर पायऱ्यांपाशी येरझाऱ्या घालत बसलो.

पिक्चर सुटल्यावर शेठ आले. "कुठं गेल्ता डॉक्टर? सेकंड हाफ जबरदस्त होता."

"झोप नाही लागली?"

"बिलकुल न्हाई. एवढ्या आवाजात कोन झोपतं?"

परत येताना त्यांनी गाडी चालवता चालवता विचारलं, "तुम्हाला काय झालंय? आजकाल एका जागी टिकत न्हाई तुम्ही."

मी भाच्याच्या फोनचं सांगितलं. शेठ हसले. "अहो, त्याला म्हणायचं असंल, मामा, मला शिव्या देऊ नका. दुसरं काय?"

मला ते पटलं, पण बेचैनी गेली नाही. मनात आलं, पिक्चर वाईट निघाला तर? बहिणीच्या पोराचा वाईट पिक्चर बघून मी काय बोलणार होतो? खोटं मला जमत नाही, निदान पिक्चरच्या बाबतीत नाही. त्याच आठवड्यात टीव्हीवर एक मराठी पिक्चर लागला. गाव म्हणे मराठवाड्यातलं. सगळ्या घरांच्या भिंती नव्यानं रंगवलेल्या, आणि सगळी माणसं कोल्हापूरकडचं बोलतात. आमच्याकडं "करून राह्यलो" म्हणणारा एक माणूस त्यांना सापडू नये? बायको भाजी निवडत बघत होती. मी टीव्हीवर ओरडायला लागलो तेव्हा म्हणाली, "तो तुमचं ऐकणार आहे का? बघायचं तर बघा, न्हाईतर उठा." मी उठलो. दार उघडून ओट्यावर गेलो, परत आत आलो, परत बाहेर.

शुक्रवारी शेठच्या गाडीतून शेठ, बायको आणि मी असे तिघं निघालो. बहिणीकडची मंडळी क्रूझर करून आली. क्रूझर म्हणजे काय, अर्धी गल्लीच उतरली तिच्यातून. गिरणीवाला, त्याची आई, शेजारणी, दाजी नवीन पांढऱ्या शर्टात. बहिणीनं लग्नात नेसावी तशी साडी नेसली होती. भाचा दारातच उभा होता. पाया पडला, पण माझ्या डोळ्याला डोळा देईना.

"काय रे, काय सांगायचं होतं?"

"आत चला मामा. जल्दी चला, सुरू व्हतंय."

पहिल्या पाच-दहा मिनिटांत माझी भीती गेली. पोरानं चांगलं केलं होतं, मामा म्हणून सांगत नाही. पडद्यावर गिरणीचा पट्टा फिरत होता, दारातून आलेल्या उन्हात पीठ तरंगत होतं आणि बायका आपल्या आमच्या बोलीत भांडत होत्या. "माझा डबा आधी आल्ता," "तुझा कुठं आल्ता, तू तर आत्ता आली." थिएटरात हशा. आपलं बोलणं एवढ्या मोठ्या आवाजात ऐकायची आम्हाला सवयच नाही. माझे पाय गप्प होते. बायकोनं एकदा माझ्याकडं बघितलं, बरं नाही की काय म्हणून.

गोष्ट होती गिरणी चालवणाऱ्या एका माणसाची. ह्याला सिनेमाचं वेड. दळण टाकून बायका उभ्या राहिल्या की हा त्यांना बघितलेल्या पिक्चरची गोष्ट सांगणार. दळून झालं तरी डब्यावरचा हात काढत नाही, गोष्ट संपल्याशिवाय डबा सोडत नाही. एक म्हातारी डबा आपल्याकडं ओढते, हा आपल्याकडं ओढतो आणि म्हणतो, "थांबा मावशी, खरी गोष्ट इथून पुढं हाय." लोक खो खो हसले. मीही हसलो. मग माझ्या लक्षात आलं की आमच्या रांगेतलं कुणीच पडद्याकडं बघत नाहीये. सगळे माझ्याकडं बघतायत.

औषधाची पिशवी हातात धरून ठेवायची आणि गोष्ट संपेपर्यंत गिऱ्हाइकाला द्यायची नाही, ही माझी खोड मंठ्यात सगळ्यांना माहीत आहे. वाक्यही माझंच.

इंटरव्हलला शेठ म्हणाले, "डॉक्टर, हे तुम्ही हाय."

"दिसतंय."

"मला झोप लागली न्हाई," असं म्हणून ते पॉपकॉर्न आणायला गेले.

तोवर मला वाईट वाटलं नव्हतं. उलट थोडं फुगल्यासारखंच झालं होतं. परभणीकडचा कुणी नाटकातला माणूस माझं काम करत होता आणि छान करत होता, फक्त चहाचा कप तो फार नाजूक धरत होता. मी असा धरत नाही. हे भाच्याला सांगायचं असं मनात ठरवत होतो, तेवढ्यात दिवे गेले.

दुसऱ्या अर्ध्यात कळतं की हा गिरणीवाला तरुणपणी एकदा घरात न सांगता निघाला होता. मुंबईला, सिनेमात काम करायला. त्याचा साखरपुडा ठरलेला असतो. तो मनमाडला उतरतो आणि गाडी बदलायच्या ऐवजी बाकावर बसून राहतो. मांडीवर पिशवी. समोरून मुंबईची गाडी निघते. गाडी दाखवलीच नाही, फक्त खिडक्यांचा उजेड त्याच्या तोंडावरून सरकत जातो, आधी सावकाश, मग भरभर, मग अंधार. तो उठत नाही. पुढच्या दृश्यात तो गावात, हळद लागलेला. आणि मग एकदम आजचा, पीठ लागलेला. थिएटरात कुणीतरी हुंदका दिला. ती माझी बहीण होती.

मी आयुष्यात मुंबईला पळून गेलेलो नाही. मनमाडला उतरलेलो नाही. सिनेमात काम करावं असं मला कधी एका क्षणालाही वाटलं नाही. आणि तरीही तो प्रसंग एवढा चांगला घेतला होता की मी खुर्चीत पुढं सरकून बसलो. एक मात्र मी तिथल्या तिथंच ओळखलं: ते मनमाड नव्हतं, आपलं जवळचं परतूर स्टेशन होतं. एवढा मोकळा प्लॅटफॉर्म मनमाडला कुठून येणार?

संपल्यावर टाळ्या वाजल्या. भाचा पुढं जाऊन उभा राहिला, माइक हातात. सगळ्यांचे आभार मानले आणि म्हणाला, "मला सिनेमा ज्यांच्यामुळं कळला, ते माझे मामा इथं बसलेत." सगळं थिएटर वळलं. मी उठून हात जोडले आणि बसलो. बाहेर पडताना ओळख ना पाळख अशा एका गृहस्थांनी माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही परत आलात, संसार केलात. हेही सोपं नसतं," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. अशा माणसाला काय सांगायचं? मी मान हलवली. बहीण तर गळ्यातच पडली. "दादा, एवढं मनात ठेवलंस. मला कधी बोलला न्हाईस."

"अगं, तसं काही नाही."

"आता कशाला लपवून राह्यलास?"

भाच्याभोवती गर्दी होती. त्यानं दोनदा माझ्याकडं बघितलं. मी शेठना म्हणालो, "चला, निघू."

घरी आल्यावर बायकोनं साडी बदलली, चहा टाकला, आणि तो समोर ठेवता ठेवता विचारलं, "ते माझ्यामुळं का?"

"काय?"

"मनमाडला उतरलात ते. साखरपुडा होता म्हणून का? मी आडवी आले का तुमच्या?"

मी सांगितलं की बाई, हे सगळं पोरानं रचलंय. मी कुठंही गेलो नव्हतो. ती ऐकत होती, पण तिच्या तोंडावरून कळत होतं की अर्धंच पटलंय. लग्नाला एवढी वर्षं झाली, आणि एका दुपारच्या शोनं तिच्या मनात हे घालून दिलं. पुढं म्हणाली, "आन ती गिरणीवाल्याची बायको, म्हंजे मीच ना. पूर्ण पिच्चरभर पाठमोरी. चहा देती तरी पाठ, भाकरी करती तरी पाठ. मला तोंड न्हाई का?"

हे मात्र मला आवडलं होतं. मला वाटलं होतं, पोरानं मुद्दाम केलंय: हा माणूस पडद्यावरच्या बायकांचे चेहरे बघत राहतो आणि घरातल्या बाईचा चेहरा त्याला दिसत नाही, असं काहीतरी. मी ते तिला समजावून सांगायला गेलो. ती उठून आत गेली.

पुढचे दिवस वाईट गेले. बसलो की उठावंसं वाटे, उठलो की कुठं जायचं ते कळेना. कपाटातली औषधं काढून परत लावली, नको त्या खणात लावली. बीपीच्या गोळ्या मागितल्या की मला व्हिटॅमिनच्या सापडत. त्यात येणारा प्रत्येक माणूस तेच विचारायचा. "मामा, मनमाडचं खरं का?" नाही म्हटलं की लोक हसून मान डोलवत. जणू मी नाही म्हणालो हाच पुरावा. एकानं तर विचारलं, "तवा गेले असते तर आज कुठं असते हो तुम्ही?"

मला राग कशाचा आला होता ते त्या वाक्यानं कळलं. माझ्यावर हसले त्याचा नाही. डबा ओढण्यावर मीही हसलो होतो. राग ह्याचा होता की पोरगा धरून चालला की एवढं पिक्चरचं वेड असणारा माणूस म्हणजे नक्की काहीतरी हुकलेला माणूस. बघणारा म्हणजे करायला न जमलेला. गाणं ऐकणाऱ्याला कुणी विचारतं का, तुमचं गायचं राहून गेलं का? मी बघितलं. जन्मभर बघितलं, तंबूत बघितलं, टॉकीजमध्ये बघितलं, आता बाटल्यांना टेकवून बघतो. त्यात माझं काही राहिलं नाही. आणि आता सगळ्या मुलखाला वाटतंय की ह्या माणसाचं आयुष्य मनमाडच्या बाकावर राहिलं.

पुण्याला जायच्या आधी भाचा दुकानात आला. गिऱ्हाईक नव्हतं. बाहेरच्या स्टुलावर बसला, हातात हेल्मेट.

"मामा, तुम्ही न बोलताच गेल्ते त्या दिवशी."

"तूच म्हणाला होतास, बघितल्यावर बोलू. सांग, काय सांगायचं होतं?"

"हेच की त्यात तुम्ही हाय. फोनवर सांगायची हिंमत झाली न्हाई." मग खाली बघत म्हणाला, "कसा वाटला?"

मी ठरवलं होतं की चिडायचं नाही, क्रमानं बोलायचं. बोली बराबर, म्हणालो. गिरणी उत्तम. बायकांचं भांडण अजून थोडं चाललं असतं तरी चाललं असतं. कप धरायचा तो नाजूकपणा नको. गाण्याची गरज नव्हती, ते कुणीतरी तुला घालायला लावलेलं दिसतंय. तो हो म्हणाला. मनमाडचा प्रसंग सगळ्यात चांगला. खिडक्यांचा उजेड मी विसरणार नाही.

"खरंच?"

"खरंच. आणि तो खोटा आहे. आणि ते परतूर आहे."

तो हसला, मग हसायचा थांबला. "खोटा म्हणजे? आई तर सांगती की साखरपुड्याच्या आधी तुम्ही न सांगता निघून गेल्ते. आजी रडून राह्यल्ती, आजोबा विहिरीत वाकून बघून आल्ते. मंग परत आले, पन कुठं गेल्ते ते कधीच सांगितलं न्हाई. मी लहानपणापासून ऐकून राह्यलो हे."

मला ते आठवायला थोडा वेळ लागला. मग आठवलं, आणि हसावं का काय करावं ते कळेना.

"परभणीला गेलो होतो," मी म्हणालो.

"परभणीला? कशाला?"

"पिक्चर बघायला."

एक जुना पिक्चर परभणीच्या टॉकीजला परत लागला होता आणि आठवडा संपला की उतरणार होता. मंठ्याच्या तंबूत तो कधी येणार नाही हे मला माहीत होतं. बाजाराला म्हणून निघालो आणि परभणीची बस पकडली. तिथं कॉलेजातला एक मित्र खोली करून राहायचा. दुपारचा शो बघितला, बाहेर आलो, आणि परत आत गेलो. दुसऱ्या दिवशीही तेच. घरी फोन नव्हता. परत आल्यावर वडिलांचा चेहरा बघून खरं सांगायची छाती झाली नाही. पिक्चरसाठी म्हटलं असतं तर साखरपुडा बाजूला राहिला असता आणि चपलेचा प्रसाद आधी मिळाला असता. म्हणून गप्प बसलो. नंतर कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

"एका पिच्चरसाठी?" भाचा म्हणाला. "म्हंजे कुठं पळून बिळून चालले न्हवते?"

"परभणीच्या पुढं बसचं तिकीटसुद्धा विचारलं नव्हतं."

मागून आवाज आला. बायको डबा घेऊन कधी दुकानात शिरली ते आम्हाला कळलंच नव्हतं. ती सलाईनच्या खोक्यावर बसली आणि हसायला लागली. असं हसताना मी तिला फार दिवसांत बघितलं नव्हतं, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी. "परभणीला!" एवढंच परत परत म्हणत होती. "मी इकडं आठ दिवस जीव जाळून राह्यले, आन हे परभणीला!"

हसणं ओसरलं तशी ती भाच्याकडं वळली. "आन तू रे. मामीला तोंड का न्हाई दाखवलं?"

भाचा गडबडला. "मामी, त्या आमच्या शेजारच्या काकू होत्या. ज्यांना घ्यायचं ठरलं होतं त्या आल्याच न्हाईत. काकू म्हनल्या, काम करते, पन तोंड दाखवायचं न्हाई, घरात चालणार न्हाई. मंग पाठमोऱ्या घेतल्या."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी खणातल्या गोळ्या नीट करू लागलो.

जरा वेळानं भाचा म्हणाला, "मामा, एक विचारू? तुम्ही पिच्चर बघताना एवढे बेचैन का असता मंग? पाय हलवता, मधूनच उठता, बाहेर जाता. मी तेच बघत आलो. मला वाटायचं, ह्या माणसाला कुठंतरी जायचं होतं आन जाता आलं न्हाई."

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. वाईट पिक्चरमधून मी उठतो त्याचं कारण सोपं आहे. पण चांगल्यातही मला बसवत नाही. मी विचार करत बोललो. "चांगलं काही दिसलं की कुणाला तरी सांगावंसं वाटतं. लगेच. आणि तिथं सगळे पडद्याकडं तोंड करून बसलेले असतात. मग पाय हलतात." हे पुरतं खरं आहे का ते मला आजही माहीत नाही. पण त्या वेळी तेवढंच सापडलं.

तो हेल्मेटची पट्टी ओढत बसला. "पुढं मोबाइलवर कुठंतरी दाखवायचं चाललंय," तो म्हणाला. "त्याच्या आधी एडिटला बसणार हाय. म्हणत असला तर मनमाड काढतो. परभणी तर आता शूट करता येणार न्हाई, पन मनमाड काढता येतंय."

बायको माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, म्हणावं काढ. मग लोक विचारायचे थांबतील. पण तो उजेड डोळ्यांसमोर आला, तोंडावरून सरकत जाणारा. तो काढला तर त्या पिक्चरमध्ये गिरणी आणि भांडण उरतं. कुणा दुसऱ्याच्या भाच्यानं मला विचारलं असतं तर मी एका क्षणात सांगितलं असतं, वेड्या, ह्याला हात लावू नको.

"ठेव," मी म्हणालो. "गाणं काढ."

"गाणं मला काढू देणार न्हाईत ते."

"मग कप तरी."

तो पाया पडून गेला. गाडी बसस्टँडच्या वळणावर दिसेनाशी झाल्यावरही मी शटरपाशीच उभा होतो. बायको म्हणाली, "आत या, ऊन हाय." ठेव म्हणालो ते म्हणालो, पण मन निवलं नव्हतं. पोराला राग दाखवला नाही, आणि राग पुरता गेलाही नव्हता.

संध्याकाळी मी बहिणीला फोन करून परभणीचं सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, पिच्चरसाठी कोन एवढं करतं? तू मुंबईलाच निघाल्ता. लाजून राह्यलास आता."

"अगं, शप्पथ."

"बरं मंग सांग, कोन्ता पिच्चर होता? काय होतं त्यात?"

मी बोलायला तोंड उघडलं. टॉकीजच्या बाहेरचा चहाचा गाडा आठवला. पंख्याची पाती आठवली, एक पातं वाकडं होतं. मित्राच्या खोलीतला स्टोव्ह आठवला. पडद्यावर पाऊस होता आणि एक बाई दारात उभी होती, एवढं आठवलं. ती कुणाची वाट बघत होती, तो आला का नाही, काही केल्या आठवेना. लागोपाठ इतक्यांदा बघितलेला पिक्चर, ज्याच्यासाठी घरात रडारड झाली, तो माझ्या डोक्यातून पुसून गेला होता.

"बघ," बहीण म्हणाली. "व्हताच कुठं पिच्चर?"

तेव्हापासून मी विचारून बघतोय. शेठना विचारलं, त्यांना असा काही पिक्चर आठवत नाही. परभणीच्या त्या मित्राचा नंबर मिळवलाय, तो उचलत नाही. गिऱ्हाईक आलं की मी आधी औषध देतो, मग विचारतो: पाऊस होता, दारात एक बाई उभी होती, तुम्ही बघितलाय का कधी? पिशवी हातात घेऊन लोक विचार करतात, नाही म्हणतात आणि जातात.